बिनतारी शेजार

ठाणे, पुणे, नाशिक, कुठल्याही शहरातल्या मध्यमवर्गीय सोसायटीत रात्री नऊच्या सुमारास फोनचं ब्लूटूथ उघडावं आणि आसपासची उपकरणं शोधायला लावावीत. दोन-तीन सेकंदांत जी यादी पडद्यावर येते ती सोसायटीच्या सभासद-रजिस्टरपेक्षा जास्त खरी असते. ‘टीव्ही हॉल’. ‘टीव्ही बेडरूम’. ‘आईचा फोन’. ‘पप्पा जुना’. ‘पप्पा नवीन’. नुसत्या अक्षरांचं आणि आकड्यांचं नाव मिरवणारा एक स्पीकर. ‘हात लावू नये’ नावाचा दुसरा स्पीकर. एक वजनकाटा. आणि एक दात घासायचा ब्रश. होय, ब्रशसुद्धा. ज्या सद्गृहस्थांनी गणपतीच्या वर्गणीच्या वेळी ‘यंदा जरा ओढाताण आहे’ असं सांगून पावतीवर शंभराचा आकडा घालायला लावला, त्यांच्याच मजल्यावर गेलं की या यादीत दोन टीव्ही, एक साउंडबार आणि तीन इअरफोन वाढतात.

यात कुणी कुणाच्या घरात डोकावत नाही. ही यंत्रंच आपापलं नाव दर सेकंदाला अनेकदा चारी दिशांना ओरडून सांगत असतात. तंत्रज्ञांच्या भाषेत या प्रकाराला चक्क ‘ॲडव्हर्टायझिंग’ म्हणतात आणि कमी वीज खाणाऱ्या नव्या ब्लूटूथमध्ये त्यासाठी चाळीसपैकी तीन वाहिन्या राखून ठेवलेल्या आहेत. आपल्या मालकाच्या फोनने ऐकावं एवढाच बिचाऱ्या स्पीकरचा हेतू. पण रेडिओ लहरींना कार्पेट एरिया कळत नाही. त्या भिंतीतून जातात, स्लॅबमधून जातात, आणि वरच्या मजल्यावरच्या चिरंजीवांच्या फोनवर जाऊन उभ्या राहतात.

माणसाला दूरच्याशी बिनतारी बोलणं तुलनेने लवकर जमलं. १९०१ साली मार्कोनीने इंग्लंडमधून निघालेला संदेश अटलांटिकपलीकडे, आजच्या कॅनडात, ऐकल्याचं जाहीर केलं. एका खोलीतल्या दोन वस्तूंनी एकमेकींशी, आणि फक्त एकमेकींशीच, बोलावं हे साधायला मात्र त्यानंतर जवळपास शंभर वर्षं लागली. कारण दूरचा माणूस एकच असतो. जवळ म्हटलं की शेजारी आले. छोट्या पल्ल्याच्या बिनतारी तंत्रज्ञानाचा इतिहास हा खरं तर शेजाऱ्याचं काय करायचं, या एकाच प्रश्नाचा इतिहास आहे.

हा प्रश्न पहिल्यांदा रोखठोक पुढे आला तो अमेरिकेत, झेनिथ नावाच्या टीव्ही बनवणाऱ्या कंपनीत. कंपनीचे प्रमुख युजीन मॅकडोनल्ड यांना जाहिरातींचा मनस्वी तिटकारा. खुर्चीतून न उठता जाहिरातीचं तोंड बंद करता आलं पाहिजे, असा त्यांचा हुकूम. १९५० साली कंपनीने ‘लेझी बोन्स’ नावाचा रिमोट काढला. त्याला वायर होती. ती हॉलभर पसरायची आणि लोक तिला अडखळून पडायचे.

म्हणून १९५५ मध्ये युजीन पॉली या इंजिनिअरने ‘फ्लॅशमॅटिक’ काढला. पिस्तुलाच्या आकाराचा टॉर्च. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशसंवेदी डोळे. एका कोपऱ्यावर झोत टाकला की टीव्ही चालू-बंद, दुसऱ्यावर टाकला की आवाज गुल, उरलेल्या दोन्हींनी चॅनेल पुढे-मागे. फार देखणी कल्पना. फक्त सूर्याचा विचार राहून गेला होता. खिडकीतून ऊन सरकत टीव्हीच्या कोपऱ्यावर आलं की चॅनेल आपोआप बदलायचं.

मग रेडिओ लहरी का वापरू नयेत, असा विचार झेनिथमध्ये झालाच. तो लगेच बाजूला ठेवण्यात आला, आणि त्याचं कारण कुठल्याही चाळीतल्या माणसाला पटण्यासारखं होतं: लहरी भिंतीतून जातील आणि शेजाऱ्याचा टीव्ही बदलेल.

अखेर रॉबर्ट ॲडलर यांनी १९५६ मध्ये आवाजाचा रिमोट आणला. ‘स्पेस कमांड’ हे त्याचं नाव. आत ॲल्युमिनिअमच्या चार लहान कांड्या. बटण दाबलं की छोटी हातोडी कांडीवर बसायची आणि माणसाला ऐकू येणार नाही इतक्या वरच्या पट्टीतला नाद निघायचा. प्रत्येक कांडीची लांबी वेगळी, म्हणून नाद वेगळा. या रिमोटला सेल लागत नव्हते. विक्री खात्याचा तसा आग्रहच होता. सेल संपले की गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला असं समजेल, ही त्यांची भीती. आपल्याकडची घरं पाहिली की ती भीती अनाठायी वाटत नाही. इथे सेल संपले की आधी रिमोट तळहातावर आपटतात, मग सेल काढून जागा अदलाबदल करून घालतात, मग ते उन्हात ठेवतात, आणि सरतेशेवटी केबलवाल्याला फोन करतात.

आवाज भिंतीतून फारसा जात नाही, त्यामुळे शेजारी वाचला. पण घरातलेच उठले. खिशातली नाणी खुळखुळली किंवा कुत्र्याच्या गळ्यातली साखळी वाजली तरी त्यात नेमका तो वरचा नाद सापडायचा आणि चॅनेल बदलायचं. तरीही ही पद्धत जवळपास पंचवीस वर्षं चालली.

तिची जागा घेतली अवरक्त किरणांनी. आज टीव्हीच्या आणि एसीच्या बहुतेक साध्या रिमोटमध्ये तेच असतात. रिमोटच्या टोकाचा दिवा डोळ्यांना दिसत नाही, पण फोनच्या कॅमेऱ्यातून पाहिला तर बहुतेकदा जांभळट लुकलुकताना सापडतो. सेल संपलेत की रिमोट बिघडलाय, हे ठरवायचा हा सगळ्यात सोपा उपाय; तळहातावर आपटण्यापेक्षा तर नक्कीच बरा. उन्हातही अवरक्त किरण भरपूर असतात, मग फ्लॅशमॅटिकसारखी फजिती का होत नाही? कारण नव्या रिमोटचा दिवा सेकंदाला सुमारे अडतीस हजार वेळा उघडझाप करतो आणि टीव्ही फक्त त्याच लयीतल्या उजेडाकडे लक्ष देतो. सूर्याला अशी उघडझाप येत नाही.

भिंत ओलांडता येत नाही, हा अवरक्ताचा मोठा गुण. तोच फोनच्या बाबतीत दोष ठरला. दोन हजार सालाच्या आसपासचे काही फोन एकमेकांना अवरक्त किरणांनी नंबर पाठवू शकत. त्यासाठी दोन्ही फोन टेबलावर समोरासमोर, जेमतेम मीटरभर अंतरात, नाकाला नाक लावून ठेवायचे आणि आजूबाजूच्यांनी श्वास रोखायचा. मध्ये चहाचा कप आला की नंबर गेला. चालत्या एसटीत हा विधी पार पाडणारे काही वीर होते. त्यांना तो नंबर तोंडी सांगून कितीतरी लवकर झालं असतं.

तोवर स्वीडनमध्ये एरिक्सन कंपनीने झेनिथने टाळलेला रस्ता धरला होता. १९९४ मध्ये लुंड शहरात याप हार्टसन हे डच इंजिनिअर आणि स्वेन मॅटिसन हे त्यांचे सहकारी यांनी मोबाइल आणि हेडसेट यांच्यामधली वायर काढून टाकण्यासाठी छोट्या पल्ल्याचा रेडिओ बनवायला घेतला. म्हणजे शेजाऱ्याशी थेट गाठ.

त्याचं नाव कसं पडलं ती गोष्ट कुठल्याही बारशापेक्षा रंगतदार आहे. इंटेल, एरिक्सन आणि नोकिया या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी जवळपास एकच काम करत होत्या. इंटेलचे जिम कार्डॅक आणि मॅटिसन एका संध्याकाळी टोरांटोतल्या दारूच्या गुत्त्यांतून हिंडत इतिहासावर गप्पा मारत बसले. त्यातून दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हाराल्ड कार्डॅकना सापडला. टोपणनाव ब्लोतान, इंग्रजीत ब्लूटूथ. त्याने विखुरलेल्या डॅनिश टोळ्या एका छत्राखाली आणल्या होत्या. आपणही भांडणाऱ्या कंपन्यांना एकत्र आणतोय, तेव्हा खरं नाव ठरेपर्यंत हे चालवून घेऊ, असं कार्डॅकनी सुचवलं. खरी नावं दोन ठरली होती. पैकी एक आधीच हजारो ठिकाणी वापरात असल्याचं दिसलं आणि दुसऱ्याचा कायदेशीर तपास वेळेत पुरा होईना. १९९८ मध्ये जाहीर करायची वेळ आली तेव्हा हाताशी फक्त तात्पुरतं नाव होतं. घरात बाळाला ‘तात्पुरतं’ बंड्या म्हणतात आणि तो साठीला पोचला तरी बंड्याच राहतो, त्यातलाच प्रकार. फोनवर दिसणारी ती टोकदार निळी खूणही हाराल्डच्या नावाच्या दोन जुन्या रूनिक अक्षरांची जोडणी आहे. जाहिरातीत एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. सगळ्यांना जोडणाऱ्या या राजाविरुद्ध शेवटी त्याच्या पोटच्या पोरानेच बंड केलं आणि त्याला राज्याबाहेर काढलं. ब्लूटूथ मधूनच तुटतं तेव्हा ते परंपरेला धरूनच असतं.

ब्लूटूथचं घर आहे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. रेडिओच्या बहुतेक पट्ट्यांना मालक असतात: आकाशवाणी, पोलीस, विमानं, लिलावात कोट्यवधी मोजणाऱ्या मोबाइल कंपन्या. हा पट्टा म्हणजे गावचं गायरान. १९४७ साली ॲटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत असे काही पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यकाच्या यंत्रांसाठी सोडले गेले. म्हणजे गरम करणारी, वाळवणारी, शेकणारी, एकूण नुसता गोंगाट करणारी यंत्रं. १९८५ मध्ये अमेरिकेने तिथे कमी ताकदीच्या संदेशवहनाला मोकळीक दिली, भारतात २००५ च्या नियमांनी परवान्याची अट काढली. तेव्हापासून या गायरानात वायफाय चरतं, ब्लूटूथ चरतं, बिनतारी माऊस, खेळण्यातले ड्रोन, लहान मुलांवर लक्ष ठेवणारे कॅमेरे, सगळे चरतात. आणि मधोमध मायक्रोवेव्ह ओव्हन नावाचा पोळ उभा असतो.

मायक्रोवेव्हची लहर २.४५ गिगाहर्ट्झची, म्हणजे बरोबर याच पट्ट्यातली. साधारण घरगुती ओव्हन आत आठशे वॅटची शक्ती ओततो. दार कितीही घट्ट असलं तरी तिचा लाखावा हिस्सा निसटला, तर ते आठ मिलिवॅट होतात. खिशातल्या बहुतेक ब्लूटूथ यंत्रांची कमाल ताकद अडीच मिलिवॅट. त्यामुळे स्वयंपाकघरात कालची उसळ गरम होत असते आणि ओट्याजवळ इअरफोन लावून उभ्या असलेल्या वहिनींना मालिकेतल्या सासूचे नेमके महत्त्वाचे शब्द ऐकू येत नाहीत.

वहिनींनी मनाला लावून घेऊ नये. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स वेधशाळेची चौसष्ट मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण म्हणजे मोठी मानकरी; अपोलो ११ च्या चांद्रवीरांची चित्रं जगाला दाखवण्यात तिचा वाटा होता. १९९८ पासून या दुर्बिणीच्या नोंदींत अधूनमधून चमत्कारिक स्फोट सापडत. त्यांना ‘पेरिटॉन’ असं पौराणिक थाटाचं नावही मिळालं. दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या संकेतांशी त्यांचं साम्य होतं, फक्त ते ऑफिसच्या वेळेत आणि जेवणाच्या सुमारास जास्त येत. २०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छडा लावला. वेधशाळेच्या आवारात मायक्रोवेव्ह होता. टिंग व्हायच्या आधीच घाईने दार उघडलं की एक झटका बाहेर पडायचा. विश्वाचं गूढ सतरा वर्षं भुकेल्या कर्मचाऱ्यांच्या हातात होतं.

या गर्दीत अडीच मिलिवॅटच्या कुजबुजीने टिकायचं कसं? ब्लूटूथचं उत्तर आहे: एका जागी थांबायचंच नाही. मूळच्या ब्लूटूथने पट्ट्याच्या ७९ वाहिन्या केल्या आणि फोन व इअरफोन यांची जोडी सेकंदाला १६०० वेळा वाहिनी बदलू लागली. एका ठिकाणी मुक्काम ६२५ मायक्रोसेकंद, की चला पुढे. कुठून कुठे उडी मारायची याचा क्रम दोघांना आधीच ठाऊक असतो. तो एका यंत्राच्या पत्त्यावरून आणि घड्याळावरून ठरतो. एखाद्या वाहिनीवर वायफायचा गोंधळ भेटला तर तो तुकडा पुढच्या उडीत परत पाठवायचा. २००३ पासून तर जिथे सारखा गोंधळ आहे त्या वाहिन्या लक्षात ठेवून टाळायची अक्कलही आली. त्यामुळे एकाच डब्यात पन्नास जण पन्नास जोड्या इअरफोन लावून पन्नास वेगवेगळी गाणी ऐकू शकतात. राहता राहिला तो एक महाभाग, जो इअरफोनशिवाय फोनवर भजन लावतो. त्याच्यावर अजून तंत्रज्ञानात उपाय नाही.

वाहिनी बदलत राहण्याच्या कल्पनेशी हॉलिवूडच्या हेडी लमार या नटीचं नाव जोडलं जातं आणि ते अगदीच हवेतलं नाही. व्हिएन्नात जन्मलेल्या हेडीचा पहिला नवरा शस्त्रास्त्रांचा कारखानदार होता. पुढे अमेरिकेत तिने जॉर्ज अँथील या संगीतकाराच्या साथीने पाणतीरांसाठी गुप्त रेडिओ योजना केली आणि १९४२ साली दोघांना तिचं पेटंट मिळालं. आपोआप वाजणाऱ्या पियानोत छिद्रं पाडलेली कागदी गुंडाळी असते. तशीच एक गुंडाळी जहाजावर, एक पाणतीरात. दोन्ही एकदम फिरल्या की दोघांची वाहिनी एकदम बदलणार. वाहिन्या किती? अठ्ठ्याऐंशी, पियानोच्या पट्ट्यांइतक्या. आरमाराने ते गुंडाळून ठेवलं. ब्लूटूथ थेट त्या पेटंटमधून निघालं असं जे सांगितलं जातं ती अतिशयोक्ती आहे. पण नटी आणि पेटीवाला यांनी मिळून पाणबुड्यांशी लढायचा बेत आखला, एवढं सत्यसुद्धा पुरेसं सुरस आहे.

शेजारी आणि ओव्हन यांच्या तावडीतून सुटलं तरी ब्लूटूथला एक अडथळा उरतोच: खुद्द मालक. प्रौढ माणसाच्या शरीरात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि या लहरी पाण्यात मुरतात. (२.४५ हा म्हणे पाण्याचा खास आवडता आकडा. ती अफवा आहे. पाणी आसपासच्या सगळ्याच लहरी कमीजास्त गिळतं.) म्हणून फोन पँटच्या मागच्या उजव्या खिशात आणि इअरफोन डाव्या कानात असेल तर मोकळ्या मैदानात गाणं तुटतं, पण घरात भिंतींवरून परावर्तन होऊन वळसा घालत ते पोचतं. दोन सुट्या इअरफोनची पंचाईत आणखी वेगळी. सुरुवातीच्या बऱ्याच जोड्यांमध्ये फोन एकाच कानाशी बोलायचा आणि तो कान पुढे दुसऱ्याला सांगायचा. मध्ये डोकं. काही कंपन्यांनी तर डोक्यातून आरपार जाण्यापुरती लहर सोडून चुंबकीय क्षेत्राचा मार्ग धरला. डोकं मध्ये आल्यामुळे संवाद अडतो, हा अनुभव तसा नवा नाही.

या पार्श्वभूमीवर २०२१ च्या सप्टेंबरात राजस्थानच्या बिकानेरमध्ये उजेडात आलेल्या उद्योगाचं तांत्रिक कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. शिक्षक पात्रता परीक्षेला काही उमेदवार तळव्यात फोनचे भाग आणि ब्लूटूथ दडवलेल्या चपला घालून आले होते. बोलणारं यंत्र चपलेत, ऐकणारं कानाच्या आत. बातम्यांत एका जोडाची किंमत सहा लाख रुपये सांगितली गेली. पायापासून कानापर्यंत अख्खा पाणीदार उमेदवार ओलांडून उत्तरं वर चढवायची होती. तेवढ्या खटाटोपात अभ्यासक्रम पाठ झाला असता.

आवाज कानापर्यंत पोचला तरी तो उशिरा पोचतो. फोन आधी आवाज दाबून लहान करतो, तुकडे पाडतो, पाठवतो; इअरफोन ते जुळवतो आणि एखादा तुकडा हरवला तर हाताशी असावेत म्हणून थोडे साठवून ठेवतो. यात सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा सहज जातो. चित्रपट दाखवणारी ॲप्स चित्रच तेवढं मागे ठेवून वेळ मारून नेतात. तबला शिकणाऱ्याला ही सोय नाही. ब्लूटूथवर लेहरा लावून, आपल्याच हाताची थाप त्याच इअरफोनमधून ऐकत रियाज करायला बसावं, तर हात समेवर येतो आणि ‘धा’ मागाहून चालत येतो.

आता जोडी जमवण्याबद्दल. परका शेजारी आणि आपला माणूस यांत फरक करायला ब्लूटूथने परवलीचा आकडा ठेवला. तो आकडा बहुतेक हेडसेटवर ०००० असायचा, नाहीतर १२३४. हे जगातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तेव्हा, म्हणजे गाणी एका फोनमधून दुसऱ्यात भरायच्या काळात, टपरीवर रोज संध्याकाळी ठरलेला संवाद ऐकू यायचा.

“ब्लूटूथ ऑन कर रे, पाठवतोय.”

“केलंय. नाव काय तुझं?”

“किंग. दोन किंग दिसतील, त्यातला मोठ्या अक्षरांतला मी.”

“आलं, आलं... हलू नकोस... गेलं!”

त्या वेळच्या वेगाने चार एमबीचं गाणं जायला चांगल्या दिवशीही पाऊण मिनिट लागायचं, आणि पाऊण मिनिट टपरीवर न हलता उभं राहणं कुणाला जमतं?

गाण्यांबरोबर इतरही गोष्टी फिरू लागल्या. २००४ च्या जूनमध्ये ‘कॅबिर’ नावाचा कृमी सापडला. फोनवरून फोनवर, ब्लूटूथने पसरणारा. तो आपणहून आत घुसत नसे. फोन रीतसर विचारायचा: अमक्याकडून संदेश आलाय, घेऊ का? ‘नाही’ म्हटलं की कॅबिर लगेच पुन्हा पाठवायचा. पुन्हा ‘नाही’, पुन्हा विचारणा. शेवटी कंटाळून लोक ‘हो’ म्हणायचे. २००५ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या स्टेडियमवर जागतिक मैदानी स्पर्धा भरल्या होत्या. हजारो प्रेक्षक एकमेकांच्या दहा मीटरच्या आत दाटीने बसलेले, आणि तिथे कॅबिरची साथच आली. चार पावलं चालत दूर गेलं असतं तरी सुटका होती. पण तिकीट काढलेली जागा कोण सोडतो?

२००७ पासून जोडणीचा बंदोबस्त पक्का झाला. दोन्ही पडद्यांवर एकच सहा आकडी संख्या दिसते, ती जुळली तर दोघांनी हो म्हणायचं. ज्यांना पडदाच नाही, म्हणजे बहुतेक सगळे स्पीकर, त्यांच्यासाठी नियमावलीत वेगळी तरतूद आहे. तिचं अधिकृत नाव आहे ‘जस्ट वर्क्स’. जो येईल त्याला हो. एखाद्या जाडजूड तांत्रिक दस्तऐवजात इतकं निरागस कलम क्वचितच सापडावं. या कलमाचा अर्थ गृहनिर्माण संस्थेच्या जिन्यात असा उलगडतो:

“काकू, तुमचा स्पीकर बंद करा ना जरा. आमच्या टीव्हीचा आवाज तुमच्याकडे लागलाय.”

“तरीच म्हटलं, हरिपाठात हा कोण आउट झाला!”

शेजाऱ्याला टाळायचा दुसरा मार्ग म्हणजे पल्लाच इतका कमी करायचा की शेजाऱ्याला अंगावरच यावं लागेल. बँकेचं टॅप करायचं कार्ड आणि मेट्रोचं कार्ड याच तत्त्वावर चालतात. कार्डात सेल नसतो. कडेने तारेची बारीक वेटोळी आणि एक चिप असते. यंत्रातल्या वेटोळ्यातून १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र निघतं, त्याने कार्डाच्या वेटोळ्यात वीज खेळते, चिप जागी होते, बोलते, आणि दूर नेलं की पुन्हा झोपते. हे क्षेत्र अंतराच्या घनाने घसरतं: अंतर दुप्पट, ताकद एक अष्टमांश. म्हणून व्यवहारात पल्ला चारेक सेंटीमीटर. ऑफिसच्या दारावर दोन्ही हातांत डबा आणि हेल्मेट घेऊन आलेले गृहस्थ मागचा खिसा यंत्राला टेकवण्यासाठी जी कंबर वळवतात, ती या घनाच्या नियमामुळे. एकाच पाकिटात चार कार्डं असली की चारही एकदम जागी होतात आणि यंत्र लाल दिवा दाखवतं. २०२१ पासून पिनशिवाय पाच हजारांपर्यंत पैसे देता येतात, तेव्हा गर्दीत कुणी यंत्र खिशाला लावलं तर, अशी धास्ती अनेकांना वाटते. चार सेंटीमीटर इतकं जवळ कोण येणार, हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. ते उत्तर देणारा विरार लोकलने प्रवास करत नसावा.

बिनसेलाच्या यंत्राची सगळ्यात अस्सल गोष्ट मात्र मॉस्कोची आहे. ४ ऑगस्ट १९४५ रोजी सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकन राजदूत हॅरिमन यांना लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. ती राजदूतांच्या निवासस्थानातल्या अभ्यासिकेत भिंतीवर लागली. आत एक धातूची डबी, एक पातळ पडदा आणि एक अँटेना. ना वायर, ना सेल. बाहेरून रेडिओ लहरींचा झोत आला की डबी ती लहर परत फेकायची, आणि खोलीतल्या बोलण्याने पडदा थरथरत असल्यामुळे परतणाऱ्या लहरीत ते बोलणं मिसळलेलं असायचं. झोत बंद, की ते पुन्हा नुसतं लाकूड. झडतीत काही सापडावं असं त्यात काही नव्हतंच. हे काम लेव्ह तेरमेन यांचं. हात न लावता वाजणारं थेरेमिन वाद्यही त्यांचंच. १९५२ पर्यंत, सात वर्षं, राजदूत बदलत गेले आणि मुद्रा ऐकत राहिली.

मोटारीच्या काचेवरचा फास्टॅग तत्त्वाने याच घराण्यातला. त्यालाही सेल नाही. टोलनाक्यावरच्या कमानीतून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झची लहर येते, त्याच लहरीवर टॅगची चिप जगते आणि तीच लहर आपला क्रमांक मिसळून परत फेकते. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचा झाला. चिकटवायचा कुठे, ते स्पष्ट सांगितलेलं असतं: काचेला, आतून. पण मराठी माणूस नवी वस्तू प्लॅस्टिकमधून बाहेर काढायला कचरतो. टॅग हातमोज्यांच्या कप्प्यात राहतो आणि नाका आला की बाहेर काढून काचेशी धरला जातो. धरणारा हात पाणीदार, काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म, टॅग तिरका.

“साहेब, गाडी जरा मागे घ्या. अजून थोडी. आता पुढे. टॅग सरळ धरा.”

“सरळच आहे हो.”

“उलटा आहे, साहेब.”

मग हातातलं यंत्र घेऊन एक मुलगा धावत येतो आणि बिनतारी व्यवहार चार बोटांच्या अंतरावरून पार पडतो. मागच्या रांगेतले शेजारी या वेळात हॉर्नने संपर्कात असतात. हातात धरलेल्या टॅगांचा हा पंथ इतका वाढला की २०२५ मध्ये महामार्ग प्राधिकरणाला असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकायचं जाहीर करावं लागलं.

इकडे ब्लूटूथवाल्यांनी २०२२ मध्ये ‘ऑराकास्ट’ नावाची नवी सोय जाहीर केली. एक यंत्र बोलणार आणि आसपासचे हवे तितके लोक आपापल्या इअरफोनवर किंवा श्रवणयंत्रावर ते ऐकणार. जोडणी नको, आकडा नको, मोजदाद नको. विमानतळावरच्या मुक्या टीव्हीसमोर, सभागृहात, देवळात, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी तिचा खरोखर मोठा उपयोग आहे. म्हणजे तीस वर्षं खपून शेजाऱ्याला बाहेर ठेवायची कला साधल्यावर त्याच मंडळींनी आता सगळ्या शेजाऱ्यांना एकदम ऐकवायची सोय केली. फरक इतकाच, की यात ज्याला ऐकायचं नाही त्याला ऐकू येत नाही. बहुधा त्याच कारणाने आपल्याकडच्या उत्सव मंडळांनी या तंत्रज्ञानात अद्याप रस दाखवलेला नाही.